झाडाकडे तोंड केलेला वर्ग

एका जंगलात, बाळांनो, सकाळ व्हायची ती एका आवाजाने. टक-टक-टक. टक-टक-टक.

सुतारपक्षी वाळक्या सागावर चोच मारायचा. ती जंगलाच्या कॉलेजची घंटा. ती वाजली की शिकणारे वडाखाली जमायचे.

सगुणा साळिंदर अगदी लहान असताना तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. ती आईबरोबर कंद उकरत होती. तिने तोंड वर केलं. नाकाला माती लागलेली.

"आई, हे काय वाजतंय?"

"आपल्यासाठी नाही ते," आई म्हणाली. "तू खण."

सगुणा खणत राहिली. मोठी झाली. तिला पिल्लं झाली, ती आपापल्या बिळात गेली. पण तो आवाज काही तिच्या कानातून गेला नाही. काही आवाज असतात तसे. आपण झोपलो तरी ते जागे राहतात.

मग एके दिवशी तिने नाक पुसलं, काटे नीट बसवले आणि कॉलेजची वाट धरली.

ते कॉलेज फार चांगलं होतं. त्याचं दार सगळ्यांना उघडं होतं. वय विचारत नसत. खूर आहेत की पंजे, तेही विचारत नसत. दारात प्राचार्य गवेसाहेब स्वतः उभे राहत. मोठा देह, मोठं कपाळ. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "या, या. ज्ञान सर्वांसाठी आहे."

फक्त त्या दाराच्या आत आणखी एक दार होतं.

मोठा वर्ग वडाखाली भरायचा. तिथे ढगांचा, नद्यांचा, लांबच्या डोंगरांचा अभ्यास चाले. पण तिथे बसायचं तर आधी मोजता यायला हवं आणि चिखलातले ठसे वाचता यायला हवेत. ज्यांना हे येत नसे, त्यांच्यासाठी चार कच्चे वर्ग होते. कच्च्या वर्गाची परीक्षा पास झालं की वडाखाली. तीनदा नापास झालं की घरी, ते कायमचं.

तेव्हाही गवेसाहेब दारातच असत. जाणाऱ्यालासुद्धा ते तितक्याच प्रेमाने म्हणत, "या, या."

कच्च्या वर्गाची एक रीत होती. प्रत्येकाने एकेका झाडाकडे तोंड करून बसायचं. शेजारी बघायचं नाही. मागे वळायचं नाही. बोलायचं तर नाहीच. फार पूर्वी एका माकडाने दुसऱ्या माकडाचं उत्तर पाहिलं होतं म्हणे. ते उत्तरही चुकलेलंच होतं. पण तेव्हापासून ही रीत पडली.

वर्षभर झाडाची साल बघायची. मागून कुणीतरी शिकवतंय, ते ऐकायचं. काही जण इतकी वर्षं तिथे बसले की त्यांना मोजणी आली नाही, वाचन आलं नाही, पण साल तेवढी तोंडपाठ झाली.

सगुणाचं दुखणं वेगळंच होतं. तिला येत नव्हतं असं नाही. बरंचसं येत होतं. पण परीक्षा सुरू झाली की ती घाबरायची, आणि ती घाबरली की तिचे काटे उभे राहायचे. आणि उभे राहिलेले काटे वाजतात, बाळांनो. खडखड, खडखड.

"कोण गोंगाट करतंय?" परीक्षक ओरडायचे. "बाहेर!"

परीक्षक होते बगळेसाहेब. ते एका पायावर उभे राहत. दुसरा पाय त्यांनी कशासाठी राखून ठेवला होता, कोण जाणे. जंगलात कुठलीही समिती नेमली की अध्यक्ष तेच असत, कारण त्यांच्याइतकं न हलता कुणालाच उभं राहता येत नसे.

सगुणा दोनदा बाहेर गेली होती. आता एकदाच उरलं होतं.

त्या वर्षी कॉलेजात धनेशगुरुजी आले. मोठी पिवळी चोच, हळू बोलणं. त्यांनी कच्चा वर्ग पाहिला. सगळ्या पाठी पाहिल्या. मग ते गवेसाहेबांकडे गेले.

"साहेब, मला चार विद्यार्थी द्या."

"कुठले?"

"ज्यांचं काही होणार नाही असं तुम्हाला वाटतं ते."

गवेसाहेबांना फार आनंद झाला. असे विद्यार्थी त्यांच्याकडे पुष्कळ होते. त्यांनी चांगले निवडून दिले.

एक आपली सगुणा. दुसरा हणमंता अस्वल. त्याला मोजायला मोहाची फुलं दिली की तो एकेक मोजून तोंडात टाकायचा. शेवटी गुरुजींनी विचारलं, किती, तर तो म्हणायचा, "एकही नाही." तसं पाहिलं तर उत्तर बरोबर असायचं. तिसरा धोंडू तरस. बिचाऱ्याला रडू आलं तरी हसू फुटायचं, म्हणून सगळे गुरुजी त्याला उद्धट समजत. चौथी पारी भेकर, वयाने लहान. पान पडलं तरी ती भुंकायची आणि पळत सुटायची. ती एका परीक्षेतून पळाली ती थेट मामाच्या जंगलात पोचली होती.

गुरुजी चौघांना ओढ्याकाठी घेऊन गेले. तिथे एक मोठा सपाट खडक होता.

"हा आपला सोबतवर्ग," गुरुजी म्हणाले. "इथे झाड नाही. मोजणी इथेच, वाचन इथेच. सगळे धडे तुम्ही चौघांनी एकत्र शिकायचे. बसा गोल करून."

तिघं बसले. सगुणा लांब उभी राहिली.

"मी इथूनच ऐकते," ती म्हणाली. "माझ्याजवळ कुणी बसत नाही. काटे लागतात."

"अहो ताई," हणमंता म्हणाला, "तोंड आत करा ना. काटे बाहेर राहतील. आम्हाला काय, तोंडाशीच बोलायचंय."

सगुणाला हे कधी सुचलंच नव्हतं. आजवर ती सगळ्यांकडे पाठ करूनच बसली होती, झाड समोर आणि काटे वर्गाकडे. ती हळूच आली. तोंड आत करून बसली. कुणालाच काही लागलं नाही.

धोंडू हसला. "आता पाठीमागून वाघ जरी आला तरी काकी एकट्या पुरेत."

"वाघ?" पारी म्हणाली, आणि पळाली.

तिला शोधून आणण्यात पहिला दिवस गेला. पण तिघं मिळून तिला शोधत होती, आणि चिखलातले तिचे ठसे बघत बघतच शोधत होती. संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "आजचा वाचनाचा धडा झाला." चौघांना पत्ताच नव्हता.

असंच पुढे चाललं. गुरुजी ओढ्याकाठचे ठसे दाखवायचे आणि ते मोजायलाही सांगायचे. दोन धड्यांचा एक धडा व्हायचा.

"या इथे बारा ठसे आहेत. किती जनावरं?"

"तीन," सगुणा म्हणाली. "चार-चार पायांची."

"पण पाखरं असतील तर सहा," पारी म्हणाली.

"आणि बगळेसाहेब असतील तर बारा," धोंडू म्हणाला.

गुरुजींनी चोच पंखात घातली. त्यांचे खांदे हलत होते.

हणमंताला मोहाची फुलं मोजायची असली की पारी ती आपल्या खुराखाली धरायची आणि एकेक सोडायची. "मामा, आधी आकडा. मग फूल." हणमंता आकडा नीट म्हणायला लागला, कारण आता त्यावर जेवण अवलंबून होतं. धोंडू हसला की सगुणा त्याच्या डोळ्यांकडे बघायची आणि सांगायची, "आज हा खरंच हसतोय," किंवा, "याला घरी काहीतरी झालंय, जरा थांबा." आणि पान पडलं की पारी अजून भुंकायची, पण पळायच्या आधी ती तिघांकडे बघायची. तिघं बसलेली असली की तीही बसायची.

सगुणाचे काटे तर वाजायचेच बंद झाले. खुद्द तिच्याही ते लक्षात आलं नाही.

अर्ध्या वर्षाची चाचणी झाली. गुरुजींनी ती खडकावरच घेतली. चौघंही पास झाली.

कॉलेजात खळबळ उडाली. जे होणारच नव्हतं ते झालं, तर ते का झालं, हे शोधायला हवं. लगेच समिती नेमली. अध्यक्ष बगळेसाहेब.

बगळेसाहेब ओढ्यात एका पायावर उभे राहिले आणि सोबतवर्ग बघू लागले. बराच वेळ त्यांनी खडक बघितला. खडक सपाट होता. हणमंता खात होता. धोंडू हसत होता. सगुणा कंद सोलून सगळ्यांना वाटत होती, सोलता सोलता मोजत होती, आणि मोजण्यात चुकली की तिघं एकदम ओरडत होती.

मग बगळेसाहेबांनी सभेत सांगितलं, "साहेब, सोबत ही फार उत्तम गोष्ट आहे."

"उत्तम!" गवेसाहेब म्हणाले.

"इतकी उत्तम गोष्ट फक्त चौघांनी वापरावी, हा बाकीच्यांवर अन्याय आहे."

"घोर अन्याय!"

"म्हणून ती सगळ्यांना वाटली पाहिजे. कच्चे वर्ग चार आहेत. सोबतीही चार आहेत. एकेका वर्गात एकेक सोबती द्यावा. म्हणजे जंगलात सगळीकडे सोबत होईल."

सभेने शेपट्या हलवल्या. धनेशगुरुजी उठले.

"साहेब, वेगळे केल्यावर ते सोबती कसे राहतील?"

बगळेसाहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "गुरुजी, तुम्ही बाहेरून आला आहात. आमच्याकडे एकदा पद दिलं की ते राहतं."

आणि ठरलं.

चौघांच्या गळ्यात पळसाच्या पानांचा एकेक हार घातला. हार घातलेला ओळखू यायचा, हा सोबती. सगुणाचा हार काट्यांत अडकला, तो काढता येईना आणि घालताही येईना. तिला ओढ्यापासून सगळ्यात लांबच्या वर्गात पाठवलं. तिथले वर्गगुरुजी म्हणाले, "या सोबतीबाई. हे तुमचं झाड."

झाडाकडे तोंड करून बसायची रीत तशीच होती. ती बदलायला समितीला सांगितलेलं नव्हतं.

सगुणा झाडाकडे तोंड करून बसली. तिच्या मागे दहा-बारा जण आपापल्या झाडांकडे तोंड करून बसले होते. कुणी कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांना सोबत मिळाली होती.

दुपारी मागे कुणीतरी खोकलं, आणि सगुणाचे काटे उभे राहिले. खडखड, खडखड.

"शांत बसा!" वर्गगुरुजी म्हणाले.

ती ते ऐकून खाली बघत राहिली. परीक्षा जवळ आली होती. ही तिसरी. आता या वेळी बाहेर काढलं तर वड नाही, ढग नाहीत, नद्या नाहीत. नुसता कानात तो आवाज राहील, टक-टक, दुसऱ्या कुणासाठी वाजणारा. आपण आपले जावं, तिला वाटलं. बाहेर काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं.

संध्याकाळी ती घरी निघाली. घराची वाट ओढ्याकडून नव्हती. तरी ती ओढ्याकडून गेली. एकदा खडक बघावा आणि जावं.

खडकाजवळ आली तर आवाज आला. चप-चप, चप-चप.

हणमंता बसला होता. तोंड भरलेलं.

"मी आपला फुलं विसरलो होतो इथे," तो घाईने म्हणाला. "ती न्यायला आलो."

"नेताय की संपवताय?" सगुणा म्हणाली.

इतक्यात झुडूप हललं. पारी आली. "मी पाणी प्यायला आले," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"पाणी त्या बाजूला आहे, पोरी," झुडपामागून धोंडू म्हणाला. तो आधीच तिथे बसला होता. त्याचा हार त्याने पाठीवर टाकला होता. तो हसत होता. सगुणाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आज हा हसत नाहीये," ती म्हणाली.

चौघं गोल करून बसली. सगुणाने तोंड आत केलं. थोड्या वेळाने हणमंताने एक फूल पारीच्या खुराखाली सरकवलं आणि म्हणाला, "आधी आकडा. मग फूल. चला."

त्यानंतर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी खडकावर काहीतरी विसरायचं, आणि कुणाला ना कुणाला तहान लागायची. धनेशगुरुजी एकदा वरून उडत गेले. त्यांनी खाली पाहिलं. मग चोच वर केली आणि ढग बघत बघत पुढे गेले. ते निघून गेल्यावर खडकावर चार पिकलेली उंबरं पडलेली सापडली.

परीक्षेचा दिवस आला. चारही कच्चे वर्ग एका मैदानात आणले. प्रत्येकाला झाड दिलं आणि झाडाखाली चिखलाचा एक तुकडा. त्यातले ठसे वाचायचे, मोजायचे, आणि बगळेसाहेब जवळ आले की सांगायचं.

सगुणा बसली. समोर साल. चिखलात ठसे होते, पण तिला नुसती रेघारेघांची गर्दी दिसत होती. तिला वाटलं, आता. आता उभे राहणार. पाठीवर पहिला काटा हलला. दुसरा हलला. लांबून बगळेसाहेबांनी मान वळवली.

आणि कुठून तरी, चार-पाच झाडांपलीकडून, आवाज आला. चप-चप, चप-चप.

हणमंता. त्याने परीक्षेलाही काहीतरी आणलं होतं.

मग डावीकडे एक छोटं भुंकणं झालं, आणि पळण्याचा आवाज आला नाही. पारी बसून होती. मग खूप लांबून ते वेडंवाकडं हसू. ते खरं हसू होतं. सगुणाला पाठमोरीसुद्धा ते कळलं.

कुणी तिला उत्तर सांगितलं नाही, बाळांनो. सांगू शकतही नव्हतं. प्रत्येकाचा चिखल वेगळा होता. ती तिघं आहेत, एवढंच तिला कळलं. काटे आपोआप खाली बसले, आणि चिखलातले ठसे एकेक करून सुटे दिसायला लागले.

बगळेसाहेब आले. "हं. सांगा."

"ससा आलाय, साहेब. हे चार ठसे. इथे थांबला, पाणी प्यायला. मागून मुंगूस आलं, हे चार. सशाला त्याची भीती नाही, पण तो दचकला, म्हणून इथे माती उडालीय. आठ ठसे, दोन जनावरं."

"आणि हा?" बगळेसाहेबांनी चोचीने एक एकटाच ठसा दाखवला. "एका पायाचं जनावर कुठलं?"

सगुणाने ठशाकडे पाहिलं. मग साहेबांच्या पायाकडे पाहिलं.

"चिखल तयार झालाय का, ते बघायला सकाळी तुम्ही आला होतात, साहेब. बराच वेळ उभे होतात. ठसा खोल गेलाय."

बगळेसाहेबांनी ठशाकडे पाहिलं. मग त्यांनी पाय बदलला.

चौघंही पास झाली.

वडाखाली समारंभ झाला. सगळं जंगल आलं. मागच्या बाजूला या वर्षीचे नवे कच्चे विद्यार्थी बसवले होते, समारंभातसुद्धा आपापल्या झाडांकडे तोंड करून. त्यांत एक म्हातारं खवल्या मांजर होतं. ते घाबरून इतकं गोल झालं होतं की त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच कळत नव्हतं. वर्गगुरुजींनी त्याला अंदाजाने झाडाकडे फिरवून ठेवलं होतं.

बगळेसाहेब उभे राहिले. ते उभेच होते, पण आणखी ताठ झाले.

"समितीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. हे चौघं एकत्र होते, तेव्हा साध्या चाचणीत पास झाले. आम्ही त्यांना वेगळं केलं, तेव्हा मोठ्या परीक्षेत पास झाले. म्हणजे फायदा वेगळं करण्याचा आहे. सबब, सोबतवर्ग बंद करण्यात येत आहे. आणि यापुढे कच्च्या वर्गातल्या झाडांमधलं अंतर वाढवण्यात येईल."

सभेने शेपट्या हलवल्या. धनेशगुरुजी ढग बघत होते.

"आता," गवेसाहेब प्रेमाने म्हणाले, "सगुणाबाई पुढे येऊन दोन शब्द बोलतील. या, या. झाडाकडे तोंड करून बसल्याने आपलं कसं भलं झालं, ते या नव्या मंडळींना सांगा."

सगुणा पुढे आली. समोर सगळं जंगल होतं. तिने हणमंताकडे पाहिलं, तो चावायचा थांबला होता. पारीकडे पाहिलं. धोंडूकडे पाहिलं. तिला खरं सांगावंसं फार वाटलं. खडकाचं सांगावं, संध्याकाळचं सांगावं, उंबरांचं सांगावं. तिने तोंड उघडलंही.

मग तिच्या मनात आलं, सांगितलं तर उद्या खडकावर समिती येईल. खडकाला कुंपण पडेल. विसरायला आणि तहान लागायला वेळ ठरवून मिळेल.

तिने तोंड मिटलं.

"बोला, बोला," गवेसाहेब म्हणाले. "घाबरू नका."

सगुणा घाबरलेली नव्हती. मोठा वर्ग उद्या सकाळी सुरू होणार होता. टक-टक-टक वाजणार होतं, आणि ते तिच्यासाठीही असणार होतं. पण अजून आजची संध्याकाळ होती. ती तिथून निघाली. गर्दीतून मागे गेली. नव्या कच्च्यांच्या अगदी जवळून, एकेका पाठीमागून जाताना तिने आयुष्यात पहिल्यांदा आपले काटे मुद्दाम वाजवले. हळू. खुळखुळ, खुळखुळ. कुणीही मागोमाग येऊ शकेल, इतकं हळू.

खवल्या मांजराच्या गोळ्यातून एक नाक बाहेर आलं.

सगुणा ओढ्याकडे चालू लागली.

तात्पर्य : कच्च्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून शिकावं, असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी त्यांना वेगळं बसवण्यासाठी एक चांगली समिती नेमावी. पुढचं विद्यार्थी बघून घेतात.